एका अनलिमिटेड थाळीत दोघं? मामाला आलेल्या मेसेजला उत्तर

गेल्या बुधवारी नांदेडहून मामा-मामी पुण्याला आले होते, मामीच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी. दुपारी मला ऑफिसातून निघता आलं नाही, म्हणून ते दोघंच टिळक रोडच्या बाजूला जेवायला गेले. अर्ध्या तासात मामाचा फोन. "अगं, एक थाळी मागितली तर दोघांना बसू देईनात. मेसेजमध्ये तर लिहिलंय की चालतं."

तो मेसेज मी मागवून घेतला. 'पुण्यात स्वस्तात जेवण्याचे 6 नियम.' भावकीच्या ग्रुपवर फिरतोय, त्याआधी आणखी कुठे कुठे फिरला असेल देव जाणे.

मेसेज म्हणतो, दोघांनी मिळून एकच अनलिमिटेड थाळी घ्या, कायद्याने कोणी अडवू शकत नाही. कुठल्या कायद्याने? कलम नाही, साल नाही, काही नाही. अनलिमिटेड थाळीचा भाव एका माणसाच्या जेवणाचा असतो. कोणी दोन पोळ्यांवर उठतो, कोणी सात खातो, तिसऱ्यांदा श्रीखंड मागतो, आणि त्या सगळ्यांची सरासरी धरून मालक भाव लावतो. त्या एका भावात दोघं बसले तर ते चालणार कसं? म्हणून तर बहुतेक ठिकाणी गल्ल्याजवळ पाटी असते की एका थाळीत दोघांना जेवता येणार नाही. मामाला ती दिसली नाही, कारण मेसेजवर विश्वास ठेवून तो सरळ टेबलावर जाऊन बसला. भरल्या हॉटेलात वेटरने मोठ्या आवाजात ऐकवलं. 67 वर्षांचा माणूस. मामी तर डोळ्यांत औषध घातलेली, समोरचं धड दिसत नव्हतं, आणि त्या अवस्थेत ताटावरून उठावं लागलं. शंभर-दीडशे रुपये वाचवण्यासाठी ही फजिती. म्हणून या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

मामी दोन पोळ्या खाते. तिच्यासाठी अनलिमिटेड थाळी मुळात चुकीचीच. राइस प्लेट मागायची, किंवा 'मर्यादित थाळी आहे का' असं विचारायचं. ठरलेल्या पोळ्या, भाजी, आमटी, भाताची मूद. मामाला पोळी कमी पडली तर जादा पोळीचे पैसे वेगळे. बसण्याआधी विचारायचं म्हणजे कोणाचाच खोळंबा होत नाही.

दुसरा नियम: एसी हॉटेलात 18 टक्के जीएसटी, साध्यात 12 टक्के, म्हणून घाम आला तरी साध्यात बसा. हे खरं होतं, पण फक्त साडेचार महिने. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा असेच दर होते. मग 10 नोव्हेंबरला गुवाहाटीला जीएसटी परिषदेची 23 वी बैठक झाली आणि 15 नोव्हेंबर 2017 पासून एसी असो, नसो, रेस्टॉरंटला सरसकट 5 टक्के झाले. 18 टक्के राहिले ते खोलीला दिवसाला 7,500 रुपयांच्या वर भाडं असलेल्या मोठ्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटांना. तिथे मामा-मामी जाणार नाहीत. बिल हातात घेऊन बघा: सीजीएसटी (केंद्राचा) अडीच टक्के, एसजीएसटी (राज्याचा) अडीच टक्के. 200 रुपयांच्या जेवणावर 10 रुपये, एवढाच कर.

एवढं मान्य करते की बऱ्याच हॉटेलांत एसी भागाचं मेनूकार्ड वेगळं असतं आणि तोच पदार्थ तिथे महाग असतो. पण तो हॉटेलवाल्याने लावलेला भाव, सरकारी कर नाही. दोन्ही कार्डं मागा आणि ठरवा. आणि मेसेजमध्ये नाही ते मी सांगते: कंपोझिशन योजनेतल्या (म्हणजे उलाढालीवर ठरावीक कर स्वतःच्या खिशातून भरणाऱ्या) छोट्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. त्यांना तशी पाटी लावावी लागते. पाटी आहे आणि बिलात जीएसटीही आहे, तर तिथल्या तिथे विचारायचं.

'शिवाजीनगर एसटी स्टँडसमोर सगळ्यात स्वस्त.' ते स्टँड 2019 च्या अखेरीस वाकडेवाडीला गेलं! मामा स्वतः वाकडेवाडीलाच उतरला होता, तरी हा नियम त्याला खटकला नाही.

'सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो, म्हणून मोठ्या हॉटेलात जाऊच नका.' द्यावा लागत नाही. 4 जुलै 2022 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की तो आपोआप बिलात लावता येणार नाही, आणि 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. काढायला सांगा. नाही काढला तर ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार करा.

'मुख्य रस्त्यावर खाऊ नका, एक गल्ली आत जा.' हे बरोबर आहे, नाइलाजाने म्हणते. लक्ष्मी रोडवरून सदाशिव किंवा नारायण पेठेत शिरलं की भाव उतरतो, कारण जागेचं भाडं उतरतं. पण आत जाऊन काय शोधायचं ते मेसेज सांगत नाही. मेस शोधायची. स्पर्धा परीक्षांची पोरं जिथे अभ्यासिकेत बसतात, त्याच्या आसपास 'घरगुती मेस' अशी पाटी दिसते. महिन्याचं कार्ड मुलांसाठी असतं, पण 'गेस्ट आहे, एक ताट' म्हटलं की बाहेरच्यालाही जेवायला मिळतं. दुपारी अडीचच्या आत जा. आणि रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, हे लक्षात ठेवा.

सहावा नियम 'जिथे गर्दी, तिथे स्वस्त.' गर्दीच्या ठिकाणी अन्न ताजं मिळतं, हे खरं. स्वस्त मिळेलच असं नाही. रविवारी सकाळी एफसी (फर्ग्युसन कॉलेज) रोडवरच्या हॉटेलाबाहेर नाव पुकारायची वाट बघत उभं राहून बघा.

गुरुवारी मी दोघांना नारायण पेठेतल्या मेसमध्ये नेलं. गेस्ट ताट 100 रुपये, तीन पोळ्या, मटकीची उसळ, कोबीची भाजी, आमटी-भात. मामीने आमटी दोनदा घेतली, वाढणाऱ्या काकूंनी जास्तीचे पैसे लावले नाहीत. मामाला मी हे सगळं लिहून पाठवलंय, त्याच ग्रुपवर टाकायला. अजून टाकलेलं नाही.