कोलोसियमपर्यंत नेलं आणि आत सोडलंच नाही

रोमला नेऊन कोलोसियम बाहेरून दाखवणं ही फसवणूक आहे. मला दुसरा शब्द वापरायचाच नाही. माणशी साडेतीन लाख रुपये घ्यायचे, सकाळी साडेसहाला बॅगा दाराबाहेर ठेवायला लावायच्या, देशामागून देश पळवायचे, आणि ज्या वास्तूसाठी लोक वर्षानुवर्षं पैसे साठवतात तिच्यासमोर वीस मिनिटं उभं करून सांगायचं, "चला, पटापट फोटो काढून घ्या, बस थांबणार नाही." आपल्याकडच्या युरोपच्या ग्रुप टूरमध्ये हे सर्रास चालतं आणि आपण निमूटपणे सहन करतो, याचा मला संताप येतो.

माझी आई मिरजेत शाळेत इतिहास शिकवायची. रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशांतून तिने ही टूर घेतली, कुणाकडून एक रुपया न घेता. तिला आयफेल टॉवरचं अप्रूप नव्हतं, स्वित्झर्लंडच्या बर्फाचंही नव्हतं. तिला कोलोसियमच्या रिंगणाखालची भुयारं बघायची होती. झुंजींच्या खेळांसाठी आणलेली जनावरं तिथे पिंजऱ्यांत ठेवायचे, रहाटांवर ओढल्या जाणाऱ्या लिफ्टमधून वर आणायचे आणि झडप उघडून थेट रिंगणात सोडायचे. रोमन सम्राट टायटसने इ.स. 80 मध्ये कोलोसियमचं उद्घाटन केलं तेव्हा ही भुयारं नव्हती, ती नंतर त्याच्या भावाने, डोमिशियनने बांधली, हे तिने वर्गात कितीतरी पोरांना सांगितलं असेल. आज वरची लाकडी जमीन बहुतेक नाहीशी झाल्यामुळे त्या भिंतींची गुंतागुंत आतल्या सज्जांवरून स्पष्ट दिसते. पण आतल्या सज्जांवरून. रस्त्यावरून त्यातलं तसूभरही दिसत नाही.

बस लांब कुठेतरी उभी राहिली, उन्हातून चालत आलो. कॉन्स्टन्टाइनच्या कमानीपाशी आईने पर्सची चेन उघडून पासपोर्ट काढला आणि हातात धरला. 2023 पासून तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि दाराशी ओळखपत्र बघतात, हे ती वाचून आली होती. तिने टूर मॅनेजरला विचारलं, "अहो, आपली रांग कुठली?" त्याने मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं, "काकू, आपलं आत नाहीये. फोटो स्टॉप आहे हा. तिकडून मस्त येतो फोटो."

आईने पासपोर्ट परत ठेवला, चेन लावली. एक शब्द बोलली नाही. माझं मात्र डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

बरं, बाहेरूनच दाखवायचं तर बाहेरचं तरी धड दाखवा! एका काकांनी विचारलं, भिंतीला एवढी भोकं कसली? मॅनेजर म्हणाला, महायुद्धातल्या गोळ्यांची. साफ खोटं. ट्रॅव्हर्टाइनचे दगड एकमेकांना लोखंडी पट्ट्यांनी जोडलेले होते, सगळं मिळून 300 टनांच्या आसपास लोखंड असावं असा अंदाज आहे. मध्ययुगात लोकांनी ते लोखंड उपसून नेलं, त्याच्या या जखमा आहेत. 1349 च्या भूकंपात दक्षिणेकडची बाहेरची भिंत ढासळली आणि तिचे दगड रोममधल्या वाड्यांना आणि चर्चना गेले. म्हणून एक बाजू उंच, एक बाजू ठेंगणी. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. पण ज्याला तुम्ही जबाबदारीने पाठवता त्याला हे माहीत नसतं, आणि माहीत करून घ्यावं असंही वाटत नाही, कारण पुढची वेळ गाठायची असते.

शेवटी आईनेच जवळच्या चार बायकांना कमानींवर कोरलेले आकडे दाखवले. उत्तरेकडच्या उभ्या असलेल्या भिंतीवर 23 पासून 54 पर्यंतचे रोमन आकडे आजही आहेत. तळमजल्याला 80 कमानी, त्यांतल्या 76 ना नंबर, ज्याने त्याने आपल्या नंबराच्या कमानीतून आत जायचं. पन्नास हजारांची गर्दी अशी आत जायची, आणि तीही फुकट. रोममधल्या गरिबातल्या गरिबालाही वरच्या मजल्यावर जागा असायची. आम्ही लाखो रुपये भरून बाहेर, फूटपाथवर. ती हे सांगत होती तेवढ्यात शिट्टी वाजली. हो, शिट्टी. ज्येष्ठ नागरिकांना शिट्टी वाजवून गोळा करतात.

टूर कंपन्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं: तिकिटं मिळत नाहीत हो. तिकिटांची मारामार आहे हे खरंच आहे. बॉट, म्हणजे आपोआप खरेदी करणारे प्रोग्रॅम, लावून ऑनलाइन तिकिटं उचलायची आणि गाइडच्या नावाखाली चढ्या भावाने विकायची, हा प्रकार तिथे इतका बोकाळला की 2025 मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामक संस्थेने तिकीटविक्री सांभाळणाऱ्या संस्थेला आणि सहा टूर कंपन्यांना मिळून जवळपास 2 कोटी युरोंचा दंड ठोठावला. एकट्यादुकट्या पर्यटकाचे त्यात हाल होतात. पण तुमचं काय? व्हिसासाठी आमची नावं, पासपोर्ट नंबर तुमच्याकडे कितीतरी आधी येतात. रोममध्ये कुठल्या तारखेला असणार हे तुम्हीच ठरवता. साधं तिकीट 18 युरोंचं, म्हणजे दोन हजार रुपयांच्या आतबाहेर, आणि त्यात शेजारचे प्राचीन अवशेष, फोरम आणि पॅलाटाइन टेकडीसुद्धा येते. साडेतीन लाखांत दोन हजार बसत नाहीत? नसतील बसत तर वेगळे मागा, कुठलाही शहाणा माणूस देईल. तुम्हाला पैसे वाचवायचे नाहीत, तुम्हाला वेळ वाचवायचाय. आणि तो कशासाठी? त्याच दुपारी आम्हाला चामड्याच्या वस्तूंच्या दुकानात सव्वा तास बसवलं. तिथे घाई नव्हती. तिथे पंखा होता, पाणी होतं, "आरामात बघा" होतं.

परदेशी पाहुण्यांना अजिंठ्याला आणून वाघूरच्या पलीकडच्या व्ह्यू पॉइंटवरून डोंगर दाखवला आणि लेण्यातलं पद्मपाणीचं चित्र न बघताच परत बसमध्ये कोंबलं, तर आपण काय म्हणू? शिव्या घालू. मग हे का चालवून घेतो?

आणि सहप्रवाशांचंही वाईट वाटतं. "आत काय, पडझडच आहे नुसती," असं दोघं-तिघं म्हणाले. पडझडच बघायला आलोय ना आपण! ज्यांना नसेल जायचं त्यांनी खुशाल बाहेर आइस्क्रीम खावं, पण ज्यांना जायचंय त्यांना पर्याय तरी द्या.

परत आल्यावर मी लेखी तक्रार केली. उत्तर आलं: "कार्यक्रमपत्रिकेत स्पष्ट नमूद आहे." उघडून पाहिलं. आहे, आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, "फोटो स्टॉप". आणि मुखपृष्ठावर अख्ख्या पानभर फोटो आहे तो कोलोसियमच्या आतला. सज्जांवरून घेतलेला, भुयारांच्या भिंतींसकट. जिथे तुम्ही एकाही प्रवाशाला नेत नाही तिथला फोटो दाखवून तुम्ही बुकिंग घेता! हे मी दुसऱ्या पत्रात लिहिलं. त्याला उत्तर नाही. फोन केला तर "सर, मार्केटिंगची टीम वेगळी आहे." पुढच्या सीझनची पत्रिका परवा आली, मुखपृष्ठ तेच. आता मी ग्राहक आयोगात जाणार आहे, दोन्ही पत्रिका आणि आईचा पासपोर्ट घेऊन.