१९११ च्या रुपयाला मिळालेल्या एका स्टारबद्दल

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. इतरांना संदर्भ लागावा म्हणून आधी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. आमच्या ऑनलाइन लिलावातून तुम्ही पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया घेतला, ज्याला छंदातले लोक पिग रुपया म्हणतात. तुमचं म्हणणं असं की फोटोत चकचकीत दिसणारं नाणं हातात काळपट आलं, वजन कमी भरलं, सोनारानं चांदी हलकी सांगितली, शेवटच्या मिनिटांत आमच्याच माणसांनी बोली चढवली, वर कमिशन घेतलं, अमेरिकेत मुलाला पाठवायला नकार दिला आणि परतही घेतलं नाही. शून्य देता येत नाही म्हणून एक स्टार दिला, असंही लिहिलंय. शेवटचा शब्द ‘लुटारू’. तो सोडून बाकीच्यांची उत्तरं देतो.

आधी वजन. टांकसाळीतून निघताना या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर जुना एक तोळा. तुमच्या सोनाराच्या काट्यावर ११.४१ भरलं. लॉटच्या, म्हणजे लिलावातल्या त्या नाण्याच्या, वर्णनात फोटोखालच्या दुसऱ्याच ओळीत आम्ही ११.४२ लिहिलं होतं, ते आजही तिथं आहे. शंभर वर्षांपूर्वी बाजारात फिरलेल्या रुपयात एवढी झीज नेहमीची. खरं सांगायचं तर उलटं झालं की मला धास्ती वाटते. नाणं दिसायला घासलेलं, कडा गोल झालेल्या, आणि काटा मात्र नेमका ११.६६ दाखवतोय, अशा नाण्यावर मी भिंग घेऊन जास्त वेळ बसतो.

सोनाराचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर आहे. त्याच्या दृष्टीनं शुद्ध सोडून सगळी चांदी हलकीच, आणि या रुपयात चांदी ९१.७ टक्के, बाकी तांबं. सहाव्या जॉर्जचा १९४० नंतरचा चांदीचा रुपया त्याला दाखवलात तर तो आणखी नाक मुरडेल, कारण त्यात चांदी निम्मीच आहे. पण तोही सरकारनंच पाडलेला अस्सल रुपया. नाणं अस्सल आहे का आणि चांदी किती टंचाची आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सोनार दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

चांदी तपासायचीच होती तर नाण्याला धक्का न लावता घरी तपासता आली असती. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं सोडा, तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. काटा जे दाखवेल ते नाण्यानं सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या वजनाला त्यानं भागायचं. या रुपयाच्या चांदीचं उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवं, म्हणजे तुमच्या ११.४२ च्या नाण्याला काटा १.१० च्या जवळ थांबतो. जर्मन सिल्व्हरचं (तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू, त्यात चांदी नसते) बनावट असेल तर तोच काटा १.३० च्या आसपास जातो. नाण्यावर बुडबुडे चिकटले तर आकडा चुकतो, तेवढे बोटानं झटका.

अर्थात चांदीतच ओतलेलं नकली नाणं या परीक्षेत पास होतं. तिथं पुढचं काम डोळ्यांचं. कडेवर ओतकामाचा सांधा आहे का, मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढी भोकं आहेत का, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत झाल्यात का, हे बघायचं.

आणि या रुपयाच्या बाबतीत हत्ती बघायचा. राजाच्या अंगरख्यावरच्या माळेत एक छोटा हत्ती आहे. १९११ च्या साच्यात त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमान समाजातून नाराजी आली आणि सरकारनं नाणी मागे घेतली. सुमारे ९४ लाख पाडले होते, त्यातले ७ लाखांच्या आसपास लोकांच्या हातात गेले, उरलेले आणि परत आलेले वितळवले. १९१२ पासून हत्तीला नीट सोंड मिळाली. म्हणून दुसऱ्या सालाच्या रुपयावर कुणी आकडा खरवडून १९११ केलं तरी हत्ती चहाडी करतो. तुमच्या नाण्यात हत्तीची पाठ झिजलीय, पण आखूड सोंड शाबूत आहे; लॉटचा चौथा फोटो फक्त तेवढ्याचसाठी काढलाय. मागच्या बाजूला तळाच्या कमळाखाली बारीक ठिपका आहे, म्हणजे नाणं मुंबईच्या टांकसाळीचं. कलकत्त्याच्या रुपयावर तो नसतो.

आता काळपटपणा. फोटो दिव्याखाली काढतात, त्यामुळे चांदी उजळ दिसते. म्हणूनच प्रत्येक लॉटला नाणं हातात तिरकं फिरवलेला व्हिडिओ जोडतो, आणि तुमच्या लॉटच्या व्हिडिओत काळसर थर स्पष्ट दिसतो. हवेतल्या गंधकानं चांदीवर वर्षानुवर्षांत चढलेला तो थर आहे. जाणकार गिऱ्हाईक त्याच्यासाठी चार पैसे जास्त मोजतं.

तुम्ही तो काढलात. इथंच परतीचा विषय येतो, आणि रिव्ह्यूमध्ये नेमकी हीच गोष्ट राहिलीय. आमची परतीची मुदत ७ दिवसांची आहे, अट एकच, नाणं गेलं तसं परत यावं. तुम्ही तिसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर जे फोटो पाठवलेत त्यात राजाच्या मानेमागच्या कडेला कानस मारल्याची चकाकती रेघ आहे, तिच्यावर तेजाबाचा थेंब टाकल्याचा हिरवट डाग आहे, आणि बाकीचं नाणं चिंच-मीठ लावून घासलेलं आहे. हे नाणं पुन्हा लिलावात ठेवायचं तर ‘साफ केलेलं, कडेला इजा’ असं लिहूनच ठेवावं लागेल, आणि त्या ओळीनं किंमत निम्म्यावर येते. ज्यांनी हे नाणं आमच्याकडे विक्रीला दिलं होतं त्यांनी तो तोटा का सोसायचा?

पण अस्सलपणाची हमी वेगळी, तिला मुदत नाही. बिलाच्या मागे छापलंय तेच इथं लिहितो: नाणं नकली ठरलं तर कानस, डाग, चिंच काही न बघता कमिशनसकट सगळे पैसे परत. ऑनलाइन लिलावात कुठंही बोली लावा, आमच्याकडे नाही लावलीत तरी चालेल, पण हे एक वाक्य विक्रेत्याकडून लेखी घ्या. ‘वडिलोपार्जित संग्रहातलं आहे, मला त्यातलं कळत नाही, जसं आहे तसं’ असं लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा सगळं कळत असतं.

बोलीचं म्हणाल तर हिशोब पानावर उघडा आहे. तुम्ही कमाल बोली ९,००० लावून ठेवली होती. तुमचा आकडा ६,२०० वर उभा होता. शेवटच्या मिनिटात दुसऱ्या बोलीदारानं ८,५०० टाकले, सिस्टिमनं तुमच्या वतीनं पुढची पायरी चढून ८,७५० केले, आणि लॉट तुम्हाला सुटला. कमाल बोली म्हणजे तुम्ही सिस्टिमला तेवढ्यापर्यंत लढायला सांगितलेलं असतं. आमच्या कर्मचाऱ्यांना आणि नाणं देणाऱ्याला बोली लावता येत नाही. बनावट बोलीचा संशय घेणं मात्र योग्यच, घ्यावाच. कुठल्याही साइटवर बोलीचा इतिहास उघडून बघा: एकाच विक्रेत्याच्या लॉटमागून लॉटवर तोच बोलीदार क्रमांक भाव चढवतोय आणि कधीच जिंकत नाही, असं दिसलं की तिथून उठा. इतिहास दाखवतच नसतील तर बसूच नका.

कमिशन १५ टक्के, त्यावर जीएसटी, कुरिअर आणि विमा वेगळा, हे बोलीच्या बटणावरच लिहिलंय. खिशात १०,००० असतील तर कमाल बोली ८,३०० च्या आत ठेवायची, एवढंच गणित.

अमेरिकेचा विषय माझ्या हातात नाही. पुरावशेष व बहुमोल कलाकृती कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष, आणि तो खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘मुलगा दिवाळीला येईल तेव्हा बॅगेतून नेईल’ असं तुम्ही फोनवर म्हणालात; कृपा करून तसं करू नका, या कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. तिकडे राहणाऱ्या मुलाला हाच रुपया हवा असेल तर त्यानं तिकडच्याच लिलावात घ्यावा. तिथंही मिळतो.

राहिला तुम्हाला फेसबुकवर निम्म्या किमतीत दिसलेला असाच रुपया. तुम्ही पाठवलेला स्क्रीनशॉट मी मोठा करून बघितला. राजाच्या गालावर तिरका ओरखडा आहे. तो ओरखडा आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा, कारण तो फोटो एका जुन्या लिलावाच्या कॅटलॉगमधला आहे आणि नाणं केव्हाच विकलं गेलंय. विक्रेत्याला सांगा, आजच्या वर्तमानपत्रावर नाणं ठेवून फोटो पाठव. बहुधा उत्तर येणार नाही, किंवा ‘आधी ५०० टोकन टाका’ असं येईल. प्लास्टिकच्या सीलबंद स्लॅबमधलं नाणं असेल तर स्लॅबवरचा नंबर ग्रेडिंग कंपनीच्या (नाणं तपासून दर्जा ठरवणाऱ्या) साइटवर टाकून तिथला फोटो ओरखड्यापर्यंत जुळवा. नंबर खरा आणि स्लॅब खोटा, हेही होतं.

तुम्ही इन्स्टाग्रामवर ४,००० ला दिसलेल्या शिवराई होनाबद्दलही विचारलं होतंत. होनात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सोनं असतं. आजचा सोन्याचा भाव बघा आणि स्वतःच ठरवा. दुदांडी शिवराई तांब्याची, ती मुबलक मिळते, सुरुवात तिच्यापासून करा.

आणि तुमच्या कपाटातल्या त्या ‘१८१८ च्या ईस्ट इंडिया कंपनीच्या अर्ध्या आण्या’चं, ज्याच्यावर रामदरबार आहे: कंपनीनं असं नाणं कधी पाडलं नाही. ते देवळाबाहेर विकलं जाणारं टोकन आहे. त्याला लाखो रुपये देतो म्हणून ज्यांनी फोन केला आणि ‘रिझर्व्ह बँकेचं नोंदणी शुल्क’ मागितलं, त्यांना एक पैसाही देऊ नका. बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात ती नसते आणि त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही. पैसे घ्यायचे असतील तर क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पैसे गेलेच असतील तर आजच्या आज १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

तुमच्या रुपयाबद्दल अजून शंका असेल तर दुकानात या. नाणं कुरिअरनं पाठवू नका, स्वतः आणा, बिल बरोबर ठेवा. काटा, पाण्याची वाटी आणि १९१२ चा एक रुपया टेबलावर असेल, दोन्ही हत्ती शेजारी शेजारी बघू. आमच्या काट्यावर विश्वास नसेल तर सोनारालाच त्याच्या काट्यासकट घेऊन या. फक्त कानस घरी ठेवायला सांगा.

— मालक, नाणी लिलाव विभाग, पुणे