ही गोळी आखडलेला स्नायू शोधत जात नाही

कंबर किंवा मान धरलेल्या माणसाला हमखास पाठवला जाणारा एक मजकूर आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: स्नायू सैल करणारी गोळी थेट आखडलेल्या स्नायूवर काम करते, शस्त्रक्रियेतही हीच औषधे देतात, त्यांतली काही तर वनस्पतीपासून बनतात, वेदनाशामकासारखा त्यांचा पोटाला वा मूत्रपिंडाला त्रास नाही, म्हणून दुखणे थांबेपर्यंत ती निर्धास्त घ्यावीत आणि बरे वाटताच बंद करावीत.

मूळ गफलत पहिल्याच विधानात आहे आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातून निघतात. पोटात घेतलेली गोळी रक्तावाटे सर्व शरीरात पसरते आणि तिचा परिणाम मुख्यतः चेतासंस्थेवर होतो. या गोळ्यांपैकी टिझानिडीन चेतापेशींवरील अल्फा-२ रिसेप्टर (संदेश टिपणारे ग्राहक) उद्दीपित करून मज्जारज्जूतून स्नायूंकडे जाणारे संदेश मंदावते. बॅक्लोफेन हेच काम गाबा-बी रिसेप्टरद्वारे करते. सायक्लोबेन्झाप्रिनची रेणुरचना अमिट्रिप्टिलीन या नैराश्यावरील औषधाच्या इतकी जवळची आहे की तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, लघवी अडखळणे हे दुष्परिणामही दोघांत समान आढळतात. प्रत्यक्ष स्नायुपेशीत कॅल्शियमचे सुटणे रोखणारे डॅन्ट्रोलीन हे औषध आहे खरे, पण ते मॅलिग्नंट हायपरथर्मियासारख्या (भुलीच्या काही औषधांनी अचानक तीव्र ताप चढून स्नायू ताठरणे) जीवघेण्या अवस्थेत आणि चेतासंस्थेच्या विकारांतील तीव्र ताठरपणात वापरतात, उसण भरल्यावर नव्हे.

हे ध्यानात घेतले की गुंगीचा अर्थही बदलतो. ‘झोप येते म्हणजे स्नायू सैल होतोय’ असे त्या मजकुरात पुढे म्हटलेले असते. वास्तविक गुंगी ही मेंदूवरील परिणामाची खूण आहे, आणि मिळणाऱ्या आरामाचा काही भाग तिच्यामुळेच असावा असे मानले जाते. गोळी घेऊन वाहन चालवणे म्हणूनच धोक्याचे, आणि तिच्या जोडीला मद्य, झोपेची गोळी किंवा ओपिऑइड (अफूच्या वर्गातील) वेदनाशामक घेतल्यास श्वसन मंदावण्यापर्यंत मजल जाऊ शकते. वृद्धांमध्ये गोंधळ उडण्याची आणि पडून हाड मोडण्याची भीती असल्याने अमेरिकन जेरिअॅट्रिक्स सोसायटीच्या बीअर्स निकषांत यांतील अनेक औषधे ‘टाळावीत’ या यादीत आहेत.

शस्त्रक्रियेचा दाखला तर पूर्णपणे चुकीचा आहे. रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम, सक्सामेथोनियम ही भूलतज्ज्ञांची औषधे वेगळ्याच वर्गातली असून ती मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर अॅसिटिलकोलीन या रासायनिक दूताचा संदेश अडवतात. त्यामुळे श्वासपटलासह सर्व ऐच्छिक स्नायू लुळे पडतात, रुग्णाचा श्वास यंत्राने चालवावा लागतो, आणि या औषधांनी ना शुद्ध हरपते ना वेदना कमी होते. त्यासाठी भूल वेगळी द्यावी लागते. १९४२ साली मॉन्ट्रिअलमध्ये ग्रिफिथ आणि जॉन्सन यांनी क्युरारे वापरून भूलशास्त्रात या वर्गाची वाट खुली केली. क्युरारे हे त्याआधी बाणांना लावायचे विष म्हणून माहीत होते. सुरक्षिततेची साक्ष म्हणून याहून विचित्र साक्षीदार शोधणे कठीण.

क्युरारेही वनस्पतीपासूनच मिळते, तेव्हा ‘वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी’ याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते. उरलेले निम्मे थायोकोल्चिकोसाइड या स्नायू सैल करणाऱ्या औषधाचे. कळलावीसारख्या वनस्पतीतील घटकापासून ते तयार करतात. त्याचे शरीरात तयार होणारे एक चयापचय-द्रव्य विभाजन होणाऱ्या पेशींतील गुणसूत्रांच्या संख्येत बिघाड करू शकते, असे दिसल्यावर युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये गोळीच्या रूपातील वापर सलग ७ दिवसांपुरता मर्यादित करण्याची शिफारस केली. गर्भवती आणि स्तनदा स्त्रियांना ते देऊ नये असेही बजावले.

आता ‘दुखणे थांबेपर्यंत’ याविषयी. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२१ साली ३१ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नव्या कंबरदुखीत पहिल्या दोन आठवड्यांत ही औषधे १०० गुणांच्या मोजपट्टीवर वेदना सुमारे ८ गुणांनी कमी करत असावीत, असा त्याचा निष्कर्ष होता. हा फरक बहुतेकांना जाणवणारही नाही, आणि पुराव्याची खात्री तर फारच कमी. त्यापूर्वी, २०१५ मधील एका चाचणीत नॅप्रोक्सेन या वेदनाशामकाच्या जोडीला सायक्लोबेन्झाप्रिन दिलेल्यांना आठवड्याअखेर केवळ नॅप्रोक्सेन घेणाऱ्यांपेक्षा अधिक फायदा झाला नव्हता. तेव्हा थोडे दिवस, विशेषतः पेटक्यांमुळे रात्री झोपच लागत नसेल तर, डॉक्टरांनी ही गोळी देणे समजू शकते. आठवडेच्या आठवडे ती चालू ठेवण्यास आधार नाही.

पोट आणि मूत्रपिंडाबाबतचे विधान अर्धे खरे आहे, कारण जठराच्या व्रणांचा धोका प्रामुख्याने आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांचा. मात्र स्नायू सैल करणाऱ्या औषधांपैकी टिझानिडीन, क्लोरझोक्साझोन आणि डॅन्ट्रोलीन यकृताला इजा करू शकतात. टिझानिडीन रक्तदाब उतरवते, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक किंवा फ्लुव्होक्सामिन हे नैराश्यावरील औषध यांच्यासोबत घेतल्यास त्याची रक्तातील पातळी इतकी चढते की ही जोडी निषिद्ध मानली जाते. बॅक्लोफेन मूत्रपिंडाला अपाय करत नसले तरी बाहेर मुख्यतः मूत्रपिंडावाटेच पडते, त्यामुळे मूत्रपिंडे दुबळी असलेल्या रुग्णात ते साठत जाऊन भ्रम आणि बेशुद्धी आणू शकते.

राहिला ‘बरे वाटताच बंद करा’ हा सल्ला. उसण भरल्यावर दोन-चार दिवस घेतलेल्या गोळीला तो लागू पडतो. परंतु मल्टिपल स्क्लेरोसिस, सेरेब्रल पाल्सी किंवा मज्जारज्जूच्या इजेमुळे स्नायू कायम ताठ राहणारे रुग्ण बॅक्लोफेन महिनोन्‌महिने घेतात, आणि त्यांनी ते एकाएकी सोडल्यास झटके, भास, तीव्र ताप आणि पूर्वीपेक्षा वाढलेला ताठरपणा उद्भवू शकतो. मोठ्या मात्रेतील टिझानिडीन अचानक थांबवले तर रक्तदाब उसळतो. म्हणून ही औषधे दीर्घकाळ घेणाऱ्याची मात्रा डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतात.