पावती कुणाच्या नावे फाडायची?

लेकाकडे सहा महिने राहायला सॅन फ्रान्सिस्कोला निघाला असाल, तर भाजणी, मेतकूट आणि गुडघ्याच्या गोळ्यांबरोबर थोडं वळणही बांधून न्या. तिथं आता ड्रायव्हर नसलेल्या टॅक्स्या रस्त्यावर फिरतात, आणि त्यांच्यापुढे कसं वागायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. गाड्यांची शिकवणी मात्र गूगलनं २००९ पासूनच लावलीय. म्हणजे वर्गात मागे राहिलेले आपणच.

बसायला काही कळावं लागत नाही. डोक्यावर डबा गरगरत असलेली गाडी येते, फोनवरून दार उघडतं, आत कुणी नसतं. माझ्या आईनं पहिल्यांदा त्या रिकाम्या सीटकडे बघून सवयीनं विचारलं, "दादा, मीटरनं येणार ना?" स्टिअरिंग आपापलं वळलं, गाडी निघाली. "बरा आहे गं हा," आई म्हणाली, "नाही म्हणत नाही." तरी दारावरची कडी तिनं शेवटपर्यंत सोडली नाही.

आणि मेख अशी, की गाडी चालवते खरंच चांगली. पिवळा दिवा दिसला की थांबते. फोन बघत नाही, पीत नाही, मागून हॉर्न मारला तर खाली उतरून आईबहीण काढत नाही. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, आणि त्यांतल्या बहुतेक गाड्यांच्या चाकामागे हाडामांसाचे ड्रायव्हर होते. तेव्हा "माणूस तो माणूस" वगैरे भाषण तिथं करू नका. गप्प बसून राहा. बोलायला समोर कुणी नाहीच.

खरी शिस्त लागते ती गाडीबाहेरच्याला. रस्ता ओलांडण्याआधी आपण नक्की कोण आहोत, ते एकदाचं ठरवून घ्या. मार्च २०१८ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या टेम्पी गावात एक बाई रात्री दहाच्या सुमाराला सायकल हातानं ढकलत रस्ता ओलांडत होती. उबरच्या चाचणीच्या गाडीला ती धडकेच्या सुमारे साडेपाच सेकंद आधी दिसली होती. साडेपाच सेकंद म्हणजे ब्रेक मारायला भरपूर. पण ती दिसली कशी? कधी वाहन, कधी "इतर", कधी सायकल. आणि दर वेळी नाव बदललं की ती कुठं चाललीय याचा हिशेब गाडी पहिल्यापासून मांडायची. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्त्यात येऊ शकतो, हे त्या प्रणालीला शिकवलेलंच नव्हतं. बाई गेली. हे सगळं नंतर सरकारी चौकशीत नीट लिहून आलं. तेव्हा हातात सायकल नको, डोक्यावर बोचकं नको, काखेत गुंडाळलेली सतरंजी तर नकोच. तुम्ही "इतर" ठरलात तर दोष तुमचा.

त्या गाडीत लक्ष ठेवायला एक ऑपरेटर बसवलेली होती, आणि ती फोनवर कार्यक्रम बघत होती. कंपनीवर फौजदारी गुन्हा झाला नाही. तिच्यावर झाला, २०२३ मध्ये तिनं तो कबूल केला आणि तीन वर्षांची प्रोबेशन घेतली. आता त्या सीटवर कुणी बसतच नाही. सोय बघा.

या सोयीचा अनुभव सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रुनोच्या पोलिसांनी सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. दारू पिऊन गाडी हाकणाऱ्यांना पकडायला ते उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांदेखत वेमोच्या, म्हणजे गूगलच्या त्याच शिकवणीतून निघालेल्या कंपनीच्या, एका गाडीनं मना असलेला यू-टर्न मारला. थांबवली, आत डोकावले, तर पावती फाडायची कुणाच्या नावे? आमच्या पावतीपुस्तकात रोबोसाठी रकानाच नाही, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. आपल्याकडचा एखादा हवालदार असता तर त्यानं निदान हवा तरी सोडली असती. कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये कायदा करून ठेवलाय, त्याप्रमाणे जुलै २०२६ पासून पोलीस कंपनीला नोटीस देऊ शकतात. नोटीस. मेंटेनन्स थकवणाऱ्याला सोसायटी पाठवते, तसलीच काहीतरी असणार.

टेस्लावाल्यांचा प्रश्न वेगळा, तिथं सीटवर तुम्हालाच बसवतात. इलॉन मस्क २०१६ मध्ये म्हणाले होते, पुढच्या वर्षाअखेर गाडी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला स्टिअरिंगला हात न लावता जाईल. २०१९ मध्ये म्हणाले, वर्षभरात दहा लाख रोबोटॅक्स्या. जून २०२५ मध्ये ऑस्टिनला मोजक्या निघाल्या, शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवून. विकतात त्या प्रणालीचं नाव "फुल सेल्फ ड्रायव्हिंग", पुढे बारीक शेपूट, "सुपरवाइज्ड". म्हणजे स्वयंपाक बाईच करणार, तुम्ही फक्त ओट्याशी उभं राहून दूध उतू जाऊ द्यायचं नाही. गेलं, तर लक्ष कुणाचं नव्हतं?

कधी गाडी भर रस्त्यात थबकली, तर हसू नका. २०२३ च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोतल्या काही आंदोलकांना शोध लागला की बॉनेटवर रस्त्यावरचा नारिंगी शंकू ठेवला की ही गाडी जागची हलत नाही. आपण गाडी चालावी म्हणून लिंबू-मिरची बांधतो. तिथं थांबावी म्हणून शंकू. आणि २० डिसेंबर २०२५ ला शहराच्या बऱ्याच भागाची वीज गेली, सिग्नल विझले, तेव्हा वेमोच्या कितीतरी गाड्या चौकाचौकांत गोंधळून उभ्या राहिल्या. असं झालं तर पुढे व्हा. सिग्नल बंद असताना चौक कसा पार करायचा, या विषयात लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या नाशिककराचा हात कुणी धरणार नाही.

यातलं काहीच पेलणार नाही असं वाटत असेल तर नागपूरला राहा. ड्रायव्हरांची पोटं मारणाऱ्या गाड्या भारतात येऊ देणार नाही, असं गडकरींनी डिसेंबर २०२३ मध्ये तिथंच सांगून टाकलंय.

आई परत निघायच्या आदल्या आठवड्यात आम्ही तसल्याच एका टॅक्सीनं इंडियन स्टोअरमधून आलो. वीस पौंडांची तांदळाची पिशवी, वर कोथिंबीर, वर दुधी. गाडीनं घर सोडून रस्त्याच्या पलीकडे, पार कोपऱ्यावर उतरवलं. आईनं पदर खोचला, पुढच्या सीटकडे वळली, तोंड उघडलं. सीट रिकामी. दार आपोआप बंद झालं, गाडी इंडिकेटर देऊन निघून गेली.

मग तिनं तो दुधी माझ्या हातात आदळला आणि उरलेला अर्धा तास मला सुनावलं.