गव्हर्नर व्हायचंय? आधी शून्यं मोजायला शिका

अर्थशास्त्रातली डॉक्टरेट पदरात पडली असेल आणि पुढे काय करावं सुचत नसेल, तर इराणच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झालेल्या अब्दुलनासेर हेम्मती यांचा कित्ता गिरवा. हमदान प्रांतातला माणूस, तेहरान विद्यापीठात शिकलेला. पण तुम्ही लगेच व्याजदरांच्या मागे लागू नका. हेम्मतींनी आधी सरकारी नभोवाणी-दूरचित्रवाणीत बातम्यांचा कारभार सांभाळला. पुढे चलन गडगडलं की जनतेशी काय बोलायचं, हे विद्यापीठात शिकवत नाहीत. त्यानंतर विमा नियामकाचं प्रमुखपद घ्या, मग एकदोन बँका चालवा. विम्याचा अनुभव विशेष कामाचा. आग लागणारच आहे हे गृहीत धरून शांत बसण्याची सवय होते.

खुर्ची स्वीकारण्याआधी एकच चौकशी करा: आधीचे साहेब कुठे आहेत? एप्रिल २०१८ मध्ये इराण सरकारने डॉलरचा भाव ४२,००० रियाल ठरवून टाकला आणि इतर कुठल्याही भावाने होणारा व्यवहार म्हणजे तस्करी, असं जाहीर केलं. बाजाराने ऐकून घेतलं आणि आपला भाव चालू ठेवला. मे महिन्यात ट्रम्पनी इराणशी झालेला अणुकरार मोडला. जुलैत गव्हर्नर वलीओल्लाह सैफ गेले आणि २०२१ मध्ये चलनबाजारातल्या गैरव्यवहारापायी त्यांना १० वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. त्यामानाने आपल्याकडचे गव्हर्नर निवृत्त होऊन पुस्तकं लिहितात. हेम्मतींची तेव्हा चीनमधले राजदूत म्हणून नेमणूक झाली होती. ती अंगवळणी पडायच्या आत तेहरानहून बोलावणं आलं. तुम्हालाही येईल. जा.

आता प्रत्यक्ष काम. तेल विकायला बंदी, विकलेल्या तेलाचे पैसे परदेशी बँकांत अडकलेले (हेम्मतींच्या वेळी एकट्या दक्षिण कोरियात सुमारे ७ अब्ज डॉलर), खुद्द तुमच्या बँकेवर अमेरिकेचे निर्बंध, अर्थसंकल्पाला भलंमोठं भगदाड आणि ते बुजवायला शेवटी तुमचाच छापखाना. मार्च २०२० मध्ये हेम्मतींनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे ५ अब्ज डॉलर मागून पाहिले. अनेक दशकांत इराणने तिकडे हात पसरला नव्हता. पैसे आले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात डॉलर ३ लाख रियालपार गेला. अशा दिवशी तेहरानच्या फिरदौसी रस्त्यावर एक चक्कर मारावी. भाव फारच उधळले की चलन बदलून देणारा सराफ दारावरचा लखलखता भावफलक चक्क बंद करतो. गिऱ्हाईक काळ्या काचेकडे बघत उभं राहतं, सराफ आत चहा पीत बसतो. चलनधोरण इतक्या कमी शब्दांत मला तरी कुणी समजावून सांगितलेलं नाही.

त्याच रस्त्यावर मध्यवर्ती बँकेच्या तिजोरीत दर्या-इ-नूर हिरा आहे, अंदाजे १८२ कॅरटचा. नादिरशहाने १७३९ मध्ये दिल्ली लुटून नेली, त्यातला. म्हणजे गव्हर्नर म्हणून तुम्ही आपल्याच हिऱ्याचे राखणदार व्हाल. विकता मात्र येणार नाही.

कंटाळा आला की राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवा. हेम्मतींनी २०२१ मध्ये अर्ज भरला तशी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूहानींनी त्यांना गव्हर्नरपदावरून काढलं. प्रतिस्पर्धी इब्राहिम रईसी, म्हणजे न्यायव्यवस्थेचे प्रमुख. टीव्हीवरच्या चर्चेत हेम्मतींनी त्यांच्याकडे आधी हमी मागितली की, बोललो म्हणून माझ्यावर खटला भरू नका. मतं मिळाली २४ लाखांच्या आसपास. बाद मतं त्याहून कितीतरी जास्त निघाली. मनाला लावून घेऊ नका, बाद मतांना पुढे मंत्रिपद मिळत नाही. हेम्मतींना मिळालं, ऑगस्ट २०२४ मध्ये, तेही अर्थखात्याचं.

डॉलर तेव्हा ६ लाखांच्या घरात होता. मार्च २०२५ मध्ये ९ लाखांवर गेला. २७३ पैकी १८२ खासदारांनी त्यांना घरी पाठवलं. (१८२. हिऱ्याचे कॅरट आठवले ना? मलाही.) राष्ट्राध्यक्ष पेझेश्कियान संसदेत सांगत होते की, हे आर्थिक युद्ध आहे, एका माणसावर खापर फोडून भागणार नाही. पण निर्बंध काही संसदेत बोलावून उभे करता येत नाहीत. मंत्री करता येतो.

तुम्ही मात्र कपाट आवरू नका. १९९३ मध्ये संसदेने मोहसेन नूरबख्श यांना अर्थमंत्रिपदासाठी नाकारलं, तर पुढच्याच वर्षी ते मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झाले आणि २००३ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिले. हेम्मतींना तर त्यांच्यापेक्षाही कमी वाट पाहावी लागली. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर १४ लाखांच्या आसपास पोहोचला, तेहरानच्या दुकानदारांनी शटर ओढून रस्ता धरला, गव्हर्नर फर्झिन पायउतार झाले आणि दोनच दिवसांत जुने साहेब परत हजर. अर्थमंत्री म्हणून ज्या भावापायी हाकलले गेले, त्याच्या दीडपट भावाला आवर घालायला.

या खेपेला सोबत खोडरबर न्या. रियालवरची ४ शून्यं पुसायला संसदेने ऑक्टोबर २०२५ मध्येच मंजुरी दिली आहे. पुसून झाली की १४ लाखांचा डॉलर १४० ला येईल आणि फिरदौसी रस्त्यावरच्या सराफाला फलक पुन्हा लावायला हरकत नसावी. आकडे मावतील तोवर.