‘दोन दिवस उपाशी ठेवा’ सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

‘ऑटिझम म्हणजे दुसरे काही नाही, मोबाइलचा परिणाम, आणि ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे मुलाला झोपाळ्यावर बसवून पैसे उकळण्याचा धंदा’ अशा सुरुवातीचा एक लांबलचक मजकूर सध्या कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. खाली लेखकाचे नाव नाही, ‘एका अनुभवी डॉक्टरांचा सल्ला’ एवढेच आहे. ऑटिझम म्हणजे मेंदूच्या वाढीतला असा फरक, ज्यात संवाद, वागणे आणि संवेदना वेगळ्या असतात; ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे खाणे, कपडे घालणे यांसारखी रोजची कामे मुलाला जमावीत म्हणून दिलेले प्रशिक्षण. माझ्या भाचीच्या सासरी तो पोहोचला आणि तिच्या ऑटिझम असलेल्या साडेतीन वर्षांच्या मुलाची ही थेरपी ‘महिनाभर बंद करून तर पाहू’ असा निर्णय वडीलधाऱ्यांनी घेतला. भाचीला कोणी विचारले नाही. म्हणून हे उत्तर.

पहिला दावा मोबाइलचा. लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ज्या 11 मुलांचे वर्णन करून ऑटिझमची ओळख वैद्यकशास्त्राला करून दिली, तो शोधनिबंध 1943 सालचा आहे. आपल्या मुंबईत दूरदर्शनच आले 1972 मध्ये. तेव्हा कॅनर यांच्या मुलांनी कोणता मोबाइल पाहिला होता, हे संदेशकर्त्यांनी सांगावे. यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो: दिवसभर पडद्यासमोर बसवलेल्या लहान मुलाशी घरातले बोलणे कमी होते, त्याची भाषा मागे पडू शकते, आणि पडदा बंद करून माणसे त्याच्याशी बोलू लागली की फरकही दिसतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच आणि दोन ते पाच या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असे सांगते. हा नियम सगळ्याच मुलांसाठी आहे. त्याने ऑटिझम ‘बरा’ होत नाही, आणि मोबाइल बंद करायचा म्हणून थेरपीही बंद करायची, हा तर्क कुठून आला हे मला अद्याप कळलेले नाही.

आता सर्वांत घातक मुद्दा. संदेशात शब्दशः लिहिले आहे: ‘मूल ठरावीकच खात असेल तर तो हट्ट आहे. दोन दिवस उपाशी ठेवा, भुकेने सगळे खाईल.’ चारचौघांत खपून जाईल असे हे वाक्य आहे, कारण सामान्य हट्टी मूल भूक लागली की बहुधा खाते. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांच्या बाबतीत मात्र प्रश्न हट्टाचा नसतो. भाचीचा मुलगा पांढरा भात खातो, पण त्याच भातावर फोडणीच्या वरणातली एक मोहरी दिसली तरी ताट ढकलून देतो. बिस्किट एकाच कंपनीचे चालते, तेही तुटलेले चालत नाही. केळ्याचा बुळबुळीतपणा बोटाला लागला की त्याला उमासे येतात. उमासा काही ठरवून आणता येत नाही. काही मुलांना भूक लागल्याची जाणीवच नीट होत नाही, म्हणजे ज्या भुकेवर या सल्ल्याची सारी भिस्त आहे ती वेळेवर येईलच असे नाही. उपाशी ठेवलेले असे मूल चौरस खाऊ लागत नाही. ते गळून जाते, आणि जेवणाच्या जागेचीच धास्ती घेऊन पूर्वी खात असलेल्या चार पदार्थांपैकी एखादा सोडून देते.

अतिशय मोजके खाणाऱ्या ऑटिस्टिक मुलांमध्ये क जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार आलेल्या आहेत. मूल लंगडू लागते किंवा चालायचेच नाकारते, तपासण्या हाडांच्या आणि सांध्यांच्या होत राहतात आणि कारण शेवटी ताटात सापडते. अशा मुलाचे आहे ते खाणेही बंद करा, असे सांगणारा ‘अनुभवी डॉक्टर’ कोण, हे खरोखर शोधायला हवे.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट याच ठिकाणी काय करते, ते भाचीने मला सविस्तर सांगितले. नवा पदार्थ आधी मुलाच्या ताटात नव्हे, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वेगळ्या वाटीत ठेवतात. त्याच्याकडे पाहून मूल उठून पळाले नाही, तर पुढच्या वेळी वाटी जवळ येते. मग चमच्याने ढवळणे, बोटाने शिवणे, हुंगणे, ओठाला लावणे आणि थुंकून टाकण्याची पूर्ण मुभा. गिळण्याचा आग्रह नाही. भाताचे डाळभातात रूपांतर होण्यापूर्वी नुसते वरणाचे पाणी भाताच्या कडेला येते, तेही मोहरीशिवाय. मूल कसे बसते, पाय टेकतात की लोंबकळतात, चावण्यात अडचण आहे का, हेही पाहिले जाते, आणि गिळण्याचा किंवा बद्धकोष्ठतेचा त्रास वाटल्यास बालरोगतज्ज्ञांकडे पाठवतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला महिने लागतात. ‘दोन दिवसांत सगळे खाईल’ या वाक्यापुढे ते फिके वाटते यात नवल नाही.

झोपाळ्याबद्दल. थेरपीच्या खोलीत झोपाळा असतो, हे खरे. जीन एअर्स या अमेरिकन थेरपिस्टने मांडलेल्या संवेदन-समन्वयाच्या, म्हणजे स्पर्श, तोल, हालचाल यांच्या संवेदना मेंदूला नीट जुळवता याव्यात यासाठीच्या पद्धतीतून तो आला. मुलाला त्यावर पालथे झोपवून टोपलीत दाण्यांच्या पिशव्या टाकायला लावतात, तेव्हा तोल, मान, खांदे आणि नजर यांचे एकत्र काम चाललेले असते. पण इथे संदेशाच्या बाजूनेही बोलणे भाग आहे. 2012 मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने या पद्धतीविषयीचे पुरावे मर्यादित आहेत आणि पालकांना तसे सांगावे, असे म्हटले होते. नंतर 2014 मध्ये 32 मुलांच्या एका अमेरिकन अभ्यासात पालकांनी ठरवलेली रोजची उद्दिष्टे गाठण्यात चांगला फरक दिसला, तर ब्रिटनमध्ये 138 मुलांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत वर्तनावर नेहमीच्या सेवांपेक्षा अधिक परिणाम आढळला नाही. तेव्हा ‘झोपाळ्याने ऑटिझम जातो’ असे सांगून सहा महिन्यांचे पैसे आगाऊ घेणारे केंद्र असेल, तर त्याच्याविषयीचा राग रास्तच आहे. परंतु झोपाळा म्हणजे सगळी ऑक्युपेशनल थेरपी नव्हे. चड्डी स्वतः वर ओढणे, चमचा धरणे, शौचालयातील फ्लशच्या आवाजाला न घाबरणे, बालवाडीत दहा मिनिटे गोलात बसणे, ही तिची खरी कामे आहेत.

‘हे सारे आई घरी करू शकते, पूर्वी कुठे होते थेरपिस्ट?’ हा पुढचा दावा. घरी पुष्कळ करता येते, याचा उत्तम पुरावा गोव्यातूनच आलेला आहे. गोवा आणि रावळपिंडी येथे दोन ते नऊ वर्षांच्या 65 मुलांवर झालेल्या चाचणीत तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद साधायला शिकवले. त्याचे निष्कर्ष 2016 मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आले: पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून अधिक संवाद साधू लागली. ती चाचणी संवादाविषयी होती, ऑक्युपेशनल थेरपीविषयी नव्हे. पण त्यातही आईला एकटे सोडलेले नव्हते. आई आणि मूल खेळत असतानाचे चित्रीकरण तिच्यासोबत बसून पाहिले जात होते आणि काय साधले ते दाखवले जात होते. आईने घरी करावे, हे मान्य. पण तिला दाखवणाऱ्या व्यक्तीचीच फी वाचवा, असा त्याचा अर्थ निघत नाही. बाकी ‘पूर्वी कुठे होते’चे उत्तर सोपे आहे: कमला निंबकर यांनी मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण 1950 मध्येच सुरू केले.

‘आमचा मामा पाचव्या वर्षी बोलला, थांबा’ या मुद्द्यावर फार वेळ घालवण्यासारखे काही नाही. उशिरा बोलणारी मुले असतात. पण ती हाकेला वळतात, बोटाने दाखवून मागतात. वळत नसेल, दाखवत नसेल, तर मामाचे उदाहरण लागू होत नाही.

शेवटी ‘ही श्रीमंतांची चैन आहे’. खासगी थेरपी महाग आहे, हे कोणीही नाकारणार नाही. मात्र सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे याच कामासाठी आहेत, तेथे गर्दी आणि रिक्त पदे असली तरी तपासणी होते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही त्यात येतो. खासगी केंद्रात जायचे असेल, तर थेरपिस्टचा राज्य परिषदेकडील (या व्यवसायाची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेकडील) नोंदणी क्रमांक मागावा, पुढील तीन महिन्यांत कोणते एक काम मुलाला जमवायचे आहे ते कागदावर लिहून घ्यावे आणि सत्राच्या वेळी आत बसू देणार का, हे विचारावे. आत बसू देत नसतील, तर ते केंद्र खुशाल सोडावे.