पट्टे आखले की मुलं खांबासारखी उभी राहतात? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फुटबॉलमधल्या आक्रमणावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचा मुद्दा असा, की आक्रमणासाठी मैदानाचे पाच उभे पट्टे पाडले की मुलं आपापल्या पट्ट्यात खांबासारखी उभी राहतात, चेंडू नुसता इकडून तिकडे फिरतो. त्यापेक्षा पट्टे पुसावेत आणि मुलांना मोकळं खेळू द्यावं. खांबाचं म्हणाल तर शंभर टक्के खरं, तसं होतं. पण पट्टे पुसले की सात जण चेंडूभोवती गोळा होतात आणि त्यांच्यासोबत बचावपटूही येतात. मग मोकळं खेळायला जागा उरते कुठे?

पट्टा कुणाच्या मालकीचा नसतो, तो कुणीतरी भरलेला असावा एवढंच. 68 मीटर रुंदीच्या मैदानात गोल एरिया (गोलसमोरचा लहान चौकोन) आणि पेनल्टी बॉक्स (त्याभोवतीचा मोठा चौकोन) यांच्या बाजूच्या रेषा मनातल्या मनात पुढे वाढवा. मधला पट्टा 18.32 मीटरचा, त्याच्या दोन्ही बाजूंना 11-11 मीटरचे हाफ-स्पेस आणि कडेला 13.84 मीटरचे विंगचे पट्टे. विंगर (कडेचा आक्रमक) आत हाफ-स्पेसमध्ये शिरला की फुलबॅकने (कडेच्या बचावपटूने) बाहेरून चढायचं. विंगर कडेला चिकटून राहिला तर फुलबॅकने आतून. आधी कोण हलणार हे ठरवून देऊ नका. एक हलला की दुसऱ्याने त्याच्याकडे बघून जागा घ्यायची. दोघंही आत आले तर कड रिकामी, दोघंही बाहेर गेले तर एकच बचावपटू दोघांना पुरतो.

मग खांब का होतात? बहुतेक वेळा चूक आपली, प्रशिक्षकांची असते. आपण शिट्टी मारून खेळ थांबवतो, मुलाला दंडाला धरून दोन मीटर सरकवतो आणि पुन्हा शिट्टी मारतो. मुलगा जागा शिकतो, ती कधी सोडायची ते शिकत नाही. माझ्या मते शिकवण्याची खरी गोष्ट तीच आहे, आणि मूळ लेखात मी ती दोन ओळींत उरकली. ती उणीव माझी.

वेळ ओळखायची ती पास देणाऱ्याकडे बघून. मिडफिल्डरने (मधल्या फळीतल्या खेळाडूने) पहिल्या स्पर्शात चेंडू पायापासून अर्धा मीटर पुढे ढकलला आणि मान वर केली, की निघायचं. चेंडू अजून पायाखाली असेल किंवा मान खाली असेल तर पास येणार नाही. तेव्हा धावलं तर ऑफसाइड (बचावाच्या शेवटच्या लाइनच्या पुढे सापडणं) नाहीतर त्या लाइनवर येऊन थांबणं. अशा वेळी विंगरने उलट चेंडूकडे दोन-तीन पावलं यायचं. बचावपटू मागोमाग येतो, आणि मिडफिल्डरची मान वर येताच विंगरने बचावपटूच्या पाठीमागून निसटायचं. बचावपटूला चेंडू आणि पाठीमागचा माणूस एकदम दिसत नाहीत. स्ट्रायकरची (सर्वांत पुढच्या आक्रमकाची) धाव सरळ नको. आधी बचावाच्या लाइनला समांतर, मग वळण घेऊन आत. ऑफसाइड पास निघतो त्या क्षणी बघतात, त्यामुळे त्या अर्ध्या सेकंदात लाइनवर राहणं हीच सारी मेहनत.

सरावासाठी गोलरेषेपासून 40 मीटर आणि पूर्ण रुंदी घ्या. आक्रमणात सात (पाच पुढे, दोन मिडफिल्डर), बचावात पाच आणि गोलकीपर. 4 मिनिटांच्या चार फेऱ्या, मध्ये 2 मिनिटं विश्रांती. पट्टे मार्करने दाखवा. नियम एकच: एका पट्ट्यात एका वेळी जास्तीत जास्त दोघं. सुरुवातीचा पट्टा सोडून दुसऱ्यात पोचलेल्याने गोल केला तर तो दोन मोजा. तिसऱ्या फेरीपासून मार्कर उचला. ऑफसाइड पहिल्या मिनिटापासून लावा, नाहीतर स्ट्रायकर कीपरपाशी जाऊन उभा राहतो. आणि दोनच स्पर्शांची अट घालू नका. त्यात मुलांची मान वर येतच नाही.

कडेवरून कटबॅक (गोलरेषेजवळून मागे दिलेला पास) येताना सगळेच गोलकडे धावतात आणि बचावाची लाइनही सोबत आत ओढली जाते. दोघांनी धावावं, एक गोलच्या जवळच्या खांबाकडे, एक लांबच्या. तिसऱ्याने पेनल्टी स्पॉटपाशी ब्रेक मारायचा. मागे सरकणारा बचाव पटकन थांबू शकत नाही, म्हणून तिथे जागा उघडते. चौथा बॉक्सच्या कडेला, परत आलेल्या चेंडूसाठी.

दहा वर्षांखालच्या मुलांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. त्यांना पाच पट्टे नकोतच. डावीकडे, मध्ये, उजवीकडे एवढं पुरे.

राहिला काउंटरचा, म्हणजे चेंडू हिसकावून प्रतिस्पर्ध्याने केलेल्या झटपट हल्ल्याचा प्रश्न. पुढे पाच असताना कीपर सोडून मागे पाच असतातच, फक्त ते कुठे उभे आहेत ते बघा. चेंडू उजव्या कडेला असताना डावा फुलबॅकही कडेला राहिला तर मध्यभाग उघडा पडतो. त्याला आत, डाव्या हाफ-स्पेसमध्ये आणा, आणि त्याची नजर प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वांत पुढच्या खेळाडूवर ठेवायला सांगा.